विश्रामबागेतला ‘वि’

(दहावी १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी बोलताना गाळलेला थोडा मजकूर लिहिताना भरला आहे.)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिला होता. तो मी भांडून बदलून घेतला. माझा आजचा विषय आहे उपसर्ग आणि प्रत्यय. मागच्या दोन रांगांतले चेहरे पडलेले मला इथून दिसतायत. घाबरू नका, शेवटी पेपर नाही, जेवण आहे.

लांब जायला नको. आपण बसलोय त्या जागेचं नाव घ्या. विश्रामबाग. सांगलीहून निघालं की मिरजेच्या आधी, विलिंग्डन आणि वालचंद या दोन कॉलेजांच्या शेजारचं आपलं ठिकाण. कंडक्टर ‘विश्रामबाऽग’ म्हणून ओरडायचा आणि आपण दप्तरं सांभाळत उड्या टाकायचो. यातला ‘बाग’ फारसी आहे. ‘विश्राम’ संस्कृत. आणि विश्रामाच्या पोटात काय बसलंय? श्रम! श्रम म्हणजे कष्ट, दमणूक. त्याच्या आधी एक ‘वि’ येऊन बसला की कष्टाचा आराम होतो. ‘परि’ आला की कष्ट दुप्पट होतात, परिश्रम. ‘आ’ आला की दाढीवाले ऋषी आणि हरणं दिसायला लागतात, आश्रम. म्हणजे नाव ठेवणाऱ्याच्या मनात ‘वि’ऐवजी ‘परि’ आला असता तर आपली शाळा परिश्रमबागेत भरली असती. गणिताच्या तासाला ती तिथेच भरायची, सर समोर बसलेत म्हणून जास्त बोलत नाही.

संस्कृतच्या सरांनी आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे आपल्याकडून पाठ करून घेतलं होतं, आठवतंय? धातू एकच, पुढचा अडीच अक्षरांचा उपसर्ग त्याला कुठल्या कुठे ओढून नेतो. आपण ते मार्कांसाठी पाठ केलं. मला त्यातली गंमत कळायला वयाची तिशी आणि एक परका देश लागला.

दहावीनंतर मी इचलकरंजीला वस्त्रोद्योगाचा डिप्लोमा केला, काही वर्षं तिथेच सूतगिरणीत काढली आणि १९९४ मध्ये इंडोनेशियात नोकरीला गेलो. बांडुंग शहराजवळ माजालाया म्हणून गाव आहे, ती तिथली इचलकरंजी समजा. त्या भागातल्या गिरणीत मी २०११ पर्यंत होतो. पाळीवरचे कामगार घरी सुंदा भाषा बोलायचे, गिरणीत सगळ्यांची मिळून इंडोनेशियन. त्या देशात सातशेहून जास्त भाषा आहेत. मला इंग्रजीत बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे शिकणं भाग होतं, आणि पुस्तक नव्हतं. होती ती गिरणीची भिंत.

कापसाच्या गिरणीत आगीची भीती, म्हणून जागोजाग पाटी: ‘दिलारांग मरोकोक’. धूम्रपानास मनाई. ‘रोकोक’ म्हणजे सिगारेट हे पहिल्याच दिवशी कळलं, ते सगळ्यांना कळतं. मग ‘म’ लावून ‘मरोकोक’ म्हणजे सिगारेट ओढणे. आठवड्याने फोरमन एका पोराकडे बोट दाखवून वैतागून म्हणाला, ‘परोकोक!’ मी ओळखलं, हा सिगारेट ओढणारा. कोणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच कळलं, कारण आदल्या दिवशी सूत कातण्याला ‘ममिंताल’ आणि कातणाऱ्याला ‘पमिंताल’ म्हणतात हे ऐकलं होतं. पिंताल हा मूळ शब्द. कातणे ममिंताल, कातणारा पमिंताल, आणि कातण्याचं सगळं काम किंवा कातण्याचा कारखानाच असेल तर पमिंतालान. एक शब्द शिकावा आणि चार फुकट मिळावेत असा तो व्यवहार. सांगलीच्या मार्केट यार्डातसुद्धा असा भाव मिळत नाही.

तुमच्यातल्या हुशार लोकांनी विचारलं असेल की पिंतालचा ‘प’ कुठे गेला? गिळला! ही जागा मला फार आवडते. तिथला ‘म’ हा उपसर्ग शेवटी एक अनुनासिक घेऊन येतो, आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कुठल्या वर्गातलं त्यावर ते अनुनासिक ठरतं. ‘प’ असेल तर ‘म’ येतो आणि प गिळतो: पिंतालचं ममिंताल. ‘त’ असेल तर ‘न’ येतो आणि त गिळतो: तुलिस म्हणजे लिहिणं, त्याचं मनुलिस. ‘क’ असेल तर ‘ङ’ येतो आणि क गिळतो. आपल्या पहिलीच्या वर्गातला वर्णमालेचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. कवर्गाचा ङ, तवर्गाचा न, पवर्गाचा म. तो तक्ता पाठ असलेल्या माणसाला हा नियम पाच मिनिटांत समजतो. आपणही संगम म्हणताना ङ, संताप म्हणताना न आणि संपूर्ण म्हणताना म उच्चारतो, फक्त वर एक टिंब देऊन मोकळे होतो आणि पुढचं अक्षर गिळत नाही. माझ्याबरोबर आलेला एक कोरियन तंत्रज्ञ या गिळागिळीपुढे महिनाभर डोकं धरून बसला होता. मी मात्र आपल्या पहिलीच्या बाईंच्या जिवावर तरलो.

शिक्षकांसाठी एक खास शब्द आणलाय. इंडोनेशियनमध्ये शिकण्या-शिकवण्याच्या मूळ शब्दाला म्हणतात ‘आजार’. हसू नका, खरंच. शिकवणे मंगाजार, शिकणे बलाजार, शिकवणारा पंगाजार, विद्यार्थी पलाजार, धडा पलाजारान, आणि सुशिक्षित माणूस तरपलाजार. सगळ्यांच्या मुळाशी आजार. बाई, आमच्यावर तुमचे उपचार चालू होते तेव्हा तुम्हाला हे माहीत असतं तर बरं वाटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, ही त्यांच्या भाषेची करामत, मराठीचा काय संबंध? मलाही आधी तसंच वाटायचं. मग एकदा रात्रपाळीला मशीन बंद पडलं म्हणून साहेबांनी मला झापलं, आणि अहवालात एक शब्द लिहिला. शब्द कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कतिदाकबरतांगुंगजवाबान. मी तो बसून सोडवला. तांगुंग म्हणजे पेलणं. जवाब म्हणजे जवाब, अरबीतला, आपला जबाब. जबाब पेलणं म्हणजे जबाबदारी. पुढे ‘बर’ लावला की जबाबदार. त्याच्या पुढे ‘तिदाक’, म्हणजे नाही. आणि या सगळ्याला अलीकडून ‘क’ आणि पलीकडून ‘आन’ असा चिमटा. अर्थ काय? बेजबाबदारपणा.

आणि मग लक्षात आलं की आपला शब्द काही कमी नाही. बे, जबाब, दार, पणा. ‘बे’ फारसी, ‘जबाब’ अरबी, ‘दार’ पुन्हा फारसी, आणि शेवटी आपला घरचा ‘पणा’ मागून दार लावून घेतो. तीन भाषांचे चार डबे, आणि आपण तो शब्द शेंबड्या पोराच्या अंगावर रोज टाकतो. निष्काळजीपणा घ्या. ‘निस्’ संस्कृत, ‘काळजी’ आजीच्या तोंडची मराठी, पुन्हा ‘पणा’. नशीबवान घ्या. नशीब अरबी, ‘वान’ संस्कृत. इंडोनेशियात शास्त्रज्ञाला ‘इल्मुवान’ म्हणतात. इल्म अरबी, ‘वान’ तोच आपला. पत्रकार ‘वार्तावान’, कर्मचारी ‘कार्यावान’, ग्रंथपाल ‘पुस्ताकावान’, आणि बाई असली की ‘वार्तावाती’, जशी आपली गुणवती. इल्मुवान आणि नशीबवान ही जत्रेत हरवलेली भावंडं मला बांडुंगला भेटली. मात्र आपल्या फळवाल्या बागवानाचा ‘वान’ वेगळा, तो फारसी ‘बान’. दिसायला जुळे, रक्ताचं नातं नाही.

आपल्या वर्गाचा हजेरीपट तरी दुसरं काय होता? अर्धी पोरं ‘कर’. गाव सांगायचं आणि कर लावायचा, झालं आडनाव. मग चिटणीस, फडणीस, पोतनीस. यांच्यातला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. इनामदार, किल्लेदार यांचा ‘दार’ म्हणजे बाळगणारा. शिरोळकडून येणाऱ्या मुलांच्या वडिलांची नावं बाळगोंडा, आप्पागोंडा. तो ‘गोंडा’ कानडी गौडा, गावचा पाटील. बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा त्या पाच मिनिटांत तीन भाषांचे प्रत्यय ‘हजर’ म्हणून ओरडायचे. हजर अरबी, आणि हजेरीतला शेवटचा ‘ई’ फारसी.

प्रत्यय नुसता अर्थ बदलत नाही, तो माणसाची पत ठरवतो. आपलं गाव नाटकाचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ सांगलीतच केलं. आता नाटकाला मागून काय लावता ते बघा. नाटककार म्हटलं की हार घालायचे. नाटकवाला म्हटलं की पैसे आगाऊ मागायचे. नाटक्या म्हटलं की मुलगी द्यायची नाही. आणि नाटकी म्हटलं की तो रंगमंचावर गेलेलाच नसतो, बहुधा नात्यातला असतो. मूळ शब्द एकच, आणि समाजातल्या चार खुर्च्या. आमच्या मराठीच्या बाई शहाणपण आणि शहाणपणा यांत असाच फरक करायच्या. पहिलं अंगी असावं, दुसरा वर्गात करू नये. एका काना-मात्रेचं अंतर, पण तेवढ्यात वर्गाबाहेर उभं राहायची वेळ यायची. हा फरक इंडोनेशियनमध्ये कसा आणायचा ते मला सतरा वर्षांत जमलं नाही. तिथलं तंत्र यंत्रासारखं नेमकं चालतं, आपल्या प्रत्ययांना मात्र नाक मुरडता येतं.

तिथल्या लोकांनी तंत्र चालवलं मात्र कौतुक करावं असं. १९२८ साली २८ ऑक्टोबरला तिथल्या तरुणांनी शपथ घेतली, त्यात आपली एकीची भाषा कोणती ते ठरवलं. जावानी बोलणारे सर्वांत जास्त असूनही त्यांनी मलय भाषा निवडली आणि तिला इंडोनेशियन नाव दिलं. ‘एकीची भाषा’ यातल्या एकीला त्यांचा शब्द आहे ‘परसातुआन’. ‘सातू’ म्हणजे एक. अलीकडे ‘पर’, पलीकडे ‘आन’, झाली एकी. आपल्याकडे एकवर काय काय आहे ते मी एकदा विमानात बसून लिहून काढलं. एकी, एकता, ऐक्य, एकोपा, एकवटणे, एकटा, एकाकी, एकलकोंडा. एकी आणि एकाकी! तोच एक, आणि प्रत्यय बदलला की माणूस गर्दीतून उठून कोपऱ्यात जाऊन बसतो.

आपल्याकडेही शब्द ठरवून घडवायचे प्रयत्न झाले, आणि ते काही हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी पदनामांना संस्कृत पर्याय. पेशव्याला प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव. गंमत अशी की अमात्य, सचिव टिकले, पण पुढे साताऱ्याच्या गादीचा प्रधान लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. सावरकरांनी दिलेले दिनांक, महापौर हे शब्द आज कोणाला घडवलेले वाटतसुद्धा नाहीत. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालय आलं आणि १९६२ मध्ये पदनाम कोश. त्याला लोकांनी बदनाम कोश म्हटलं. मला ही थट्टा अर्धीच पटते. अधीक्षक, निरीक्षक, पर्यवेक्षक हे शब्द घडणीला चोख आहेत. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्याच धातूचे परीक्षा, प्रेक्षक, समीक्षक, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा. शाळेत येऊन पाहतो तो निरीक्षक, नाट्यगृहात पाहतो तो प्रेक्षक, आणि निकालाची वाट पाहतो त्याची प्रतीक्षा. पण कचेरीच्या दारावरची पाटी वाचणाऱ्याला अधि आणि निर् यांतला फरक कानाला जाणवत नाही. त्याच्या लेखी दोघेही साहेब. माजालायाच्या गिरणीतल्या चौथी पास कामगाराला मात्र ‘म’ आणि ‘प’मधला फरक जाणवतो, कारण तो प्रत्यय त्याच्या घरात आहे. नवा शब्द आला की त्याला दप्तर उघडावं लागत नाही.

‘डाउनलोड’चं उदाहरण सांगतो. तिथे त्याला ‘उंदुह’ म्हणतात. हा मूळचा जावानी शब्द, झाडावरची फळं काढून घेणे. कोणीतरी ते बरोबर हेरलं. मग मंगुंदुह म्हणजे डाउनलोड करणे, उंदुहान म्हणजे डाउनलोड केलेली वस्तू, आणि करणारा पंगुंदुह. शब्द गावच्या बागेतला आणि घडण नेहमीची, म्हणून पोरासोरांनी तो उचलला. आपणही आंबे, नारळ उतरवतो. आपल्याकडे उतरवणे आहे, उतारा आहे, उतारूसुद्धा आहे. सातबाराचा उतारा आता घरबसल्या मिळतो. आणि आपण काय म्हणतो? ‘सातबाराचा उतारा डाउनलोड केला.’ शब्द हातात धरून शोधतोय, कानावर पेन्सिल ठेवून घरभर शोधावी तशी.

माझं खरं दुखणं इथे आहे. इंग्रजी शब्द घेतले याचं मला काही नाही. गिरणीत आयुष्य गेलं, माझ्या बोलण्यातले निम्मे शब्द स्पिंडल आणि बॉबिन. नामांना आपण अजून झकास आपलंसं करतो: डॉक्टरकी, ड्रायव्हरकी, मास्तरीण, रिक्षावाला. २००६ च्या त्या सिनेमानंतर गांधीगिरी महिन्याभरात गावोगाव पोचली. त्यातला ‘गिरी’ फारसी, पण आपण तो इतका वापरलाय की पाहुणा वाटत नाही. क्रियापदांचं मात्र बिनसलंय. एके काळी मराठीला परका शब्द मिळाला की ती सरळ ‘णे’ लावून कामाला जुंपायची. बदल अरबी, केलं बदलणे. खर्चाचं खर्चणे. शरमणे, फर्मावणे, आजमावणे, नवाजणे ही सगळी बाहेरून आलेली आणि इथे राबलेली. आपल्या घरच्या शब्दांना तर ‘आवणे’ लावून काय काय केलं: राग रागावणे, पाणी पाणावणे, खूण खुणावणे, सुख सुखावणे, उंच उंचावणे. डोळे पाणावले या दोन शब्दांसाठी मला इंडोनेशियनमध्ये अख्खं वाक्य लागायचं. आता सेव्ह करणे, डिलीट करणे, अपडेट करणे, शेअर करणे. सगळी कामं एकटा ‘करणे’ करतोय. घरात सहा भाऊ असून एकानेच राबावं तसं.

आता एक घरचं सांगतो आणि मग आवरतो.

माझी मुलगी १९९६ साली बांडुंगला जन्मली. घरी आम्ही मराठीच बोलायचो. शेजारपाजारी आणि शाळेत इंडोनेशियन. बांडुंग पावसाचं गाव, आणि तिथे पावसात सापडण्याला एक शब्द आहे, ‘कहुजानान’. ‘हुजान’ म्हणजे पाऊस, अलीकडे ‘क’ पलीकडे ‘आन’, म्हणजे पावसाने ज्याला गाठलं तो. रात्रीने गाठलं तर ‘कमालामान’. पोरगी सहा वर्षांची असताना पुतणीच्या लग्नाला आम्ही जुलैत सांगलीला आलो होतो. ती अंगणातून धावत आत आली, केसांतून पाणी गळतंय, आणि माझ्या आईला म्हणाली, “आजी, मी पावसावले!”

तिने काय केलं होतं ते बघा. रागावले, सुखावले, दुखावले हे तिने आमच्याकडून ऐकले होते. कहुजानान बाहेर ऐकला होता. दोन्ही जोडून तिने स्वतःच शब्द केला. कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात तो नाही, ना दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणात, ना दामल्यांच्या १९११ च्या. पण तो चुकीचा कुठे आहे ते मला कोणी दाखवावं.

लग्नघर ते. सगळे खो-खो हसले. कोणी वाईट मनाने नाही. तिच्या बरोबरीची पोरं चार दिवस ‘पावसावली, पावसावली’ करत तिच्या मागे. एका काकींनी प्रेमाने समजावलं, “असं नाही म्हणायचं बाळा, भिजले म्हणायचं.” परत गेल्यावर ती चुलत भावंडांशी मराठीत बोलेनाशी झाली. बोलेनाशी! केवढा शब्द आहे बघा, ‘बोलत होती, आता नाही, आणि बोलावं असं तिला वाटतही नाही’ एवढं सगळं चार अक्षरांत. मी तो फोनवर आईला सांगताना वापरला तेव्हाच मला त्याचं वजन कळलं. आज ती पुण्यात आहे, चांगली नोकरी आहे, भावंडांशी इंग्रजीतच बोलते. फक्त आजीशी शेवटपर्यंत मराठीत बोलायची. कारण माझ्या आईने त्या दिवशी हसण्याऐवजी टॉवेल आणला आणि म्हणाली, “पावसावलीस होय? ये, केस पुसते.” नंतर पुढची बारा-तेरा वर्षं आमच्या घरी आईच्या तोंडी तो शब्द होता. वाळत घातलेले कपडे पावसावायचे, शेंगा पावसावायच्या, एकदा तर दारातला कुत्रा पावसावला.

मागच्या वर्षी बहिणीच्या नातवाचा घटक चाचणीचा पेपर पाहिला. पाचवीत आहे. प्रश्न होता, ‘आळू’ प्रत्यय लावून तीन शब्द लिहा. त्याने लिहिलं: झोपाळू, दयाळू, मोबाइलाळू. तिसऱ्यावर लाल फुली. तपासणाऱ्यांची अडचण मी समजू शकतो. उत्तरपत्रिका ठरलेली असते, गठ्ठा मोठा असतो, आणि पालक भांडायला येतात. तरी माझं म्हणणं समोर बसलेल्या आजी-माजी शिक्षकांपुढे ठेवतो. झोपाळू आणि दयाळू पाठ करता येतात. मोबाइलाळू पाठ करता येत नाही. त्या तीन उत्तरांत त्याला ‘आळू’ समजला याचा पुरावा एकच होता आणि नेमकी त्याच्यावर फुली होती. मध्यंतरी ‘लग्नाळू’ शब्द एका सिनेमाच्या गाण्यामुळे सगळ्यांच्या तोंडी बसला. त्याला कोणी फुली मारली नाही. मारली असती तरी ऐकलं नसतं.

सगळेच प्रत्यय असे जागे नसतात, हेही खरं. उन्हाळा, हिवाळा, पावसाळा यांतला ‘आळा’ म्हणजे काळ. उष्णकाळ झिजून उन्हाळा झाला. आज त्याला कोणी नवा ऋतू करू देत नाही, नाहीतर मार्च महिन्याला आपण केव्हाच परीक्षाळा म्हटलं असतं. कोणता प्रत्यय जागा आणि कोणता झोपला ते कोशात बघून कळत नाही. पोरं कोणता वापरतात त्यावरून कळतं. म्हणून मी आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन महिन्यांपूर्वी विचारलं होतं, तुमच्या घरातल्या मुला-नातवंडांनी केलेले शब्द पाठवा. रोज शंभर सुविचार टाकणारे आपले लोक पहिले आठ दिवस गप्प. मग एकीने पाठवलं, तिची नात लिफ्टला ‘वरखाली’ आणि लिफ्ट चालवणाऱ्या काकांना ‘वरखालीकर’ म्हणते. कुपवाडच्या मित्राचा मुलगा शोधून काढण्याला ‘गुगललं’ म्हणतो. म्हणजे ‘णे’ अगदीच गेलेला नाही, निजलाय. एकाच्या सुनेने सासऱ्यांना ‘फॉरवर्ड्या’ पदवी दिली आहे. ते सासरे आज इथे आहेत, तिसऱ्या रांगेत, आणि त्यांनी तो शब्दही फॉरवर्ड केला.

असे एकोणतीस शब्द जमलेत. मी ते वहीत उतरवले आहेत, आणि वही बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. मागची पानं कोरी आहेत. शाळेतल्या सध्याच्या मराठीच्या बाईंनी ती वही वर्गात न्यायची तयारी दाखवली आहे, एकाच अटीवर, की त्यावर मार्क नाहीत. ज्यांना जेवणाच्या रांगेत थांबायचा कंटाळा आहे त्यांनी आधी तिकडे जावं. पहिल्या पानावर पहिला शब्द माझ्या मुलीचा आहे. तो मी तिला विचारून घातला. ती फोनवर थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “घाल. पण स्पेलिंग नीट लिही, सला काना आहे.”